१९६६ ची डॉज डार्ट: गॅरेजमधल्या नोंदी

गाडी: डॉज डार्ट २७०, चार दारांची, मॉडेल १९६६. इंजिन २२५ घनइंच, म्हणजे ३.७ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत. गिअर तीन, दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर. काम चाललंय कोलंबस, ओहायो इथल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये. लांबी जवळजवळ पाच मीटर, तरी अमेरिकेत हिला कॉम्पॅक्ट म्हणायचे. अशी गाडी घेऊन स्वतः दुरुस्त करायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतोय. पैसे कुठे गेले, दिवस कुठे गेले, सगळं लिहिणार आहे.

हीच गाडी का, तर दोन कारणं. एक म्हणजे हे इंजिन. ते उजवीकडे ३० अंश कललेलं असतं, म्हणून 'स्लँट सिक्स'. कलल्यामुळे बॉनेट बुटकं राहतं आणि एका बाजूला हात घालायला भरपूर जागा मिळते. ओतीव लोखंडी ब्लॉक, तेल-पाणी वेळेवर दिलं तर लाखभर मैल सहज चालतो. दुसरं कारण घरचं. माझे मोठे काका कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होते. तिथे १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ जोडल्या जायच्या, पुढे ट्रकही. डॉज हे नाव मी पहिल्यांदा काकांच्या तोंडून ऐकलं, कुठल्या जाहिरातीत नाही.

१६ सप्टेंबर २०२३, शनिवार

इंडियानात जाऊन गाडी आणली. ४,८०० डॉलर. ट्रेलर भाड्याने घेतला, त्याचे पेट्रोलसकट १४० डॉलर.

जाताना चुंबक फडक्यात गुंडाळून नेलं होतं. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ, सगळीकडे लावून पाहिलं. उजव्या मागच्या कमानीवर चुंबक धरलं नाही, तिथे पुट्टी आहे. बाकी पत्रा खरा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सहाही सिलिंडरचं घेतलं (psi): १२८, १३०, १२६, १३१, १२७, ११८. सहावा थोडा कमी, पण काळजीचं कारण वाटलं नाही. इंजिन पहिल्या चावीत सुरू झालं आणि मी तिथेच विरघळलो.

दोन गोष्टी पाहायच्या राहिल्या, त्याची किंमत पुढे मोजली. एक, गालिचा उचलून पाहिला नाही. दोन, काचेच्या खालच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून पाहिलं नाही. या गाड्यांत पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेसाठी जाळी असते, तिच्या खालचा पत्र्याचा कोनाडा आतून गंजतो आणि पावसाचं पाणी थेट पायांशी उतरतं. विकणाऱ्याला विचारून बादलीभर पाणी ओता. तो नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

१७ सप्टेंबर

गालिचा काढला. ड्रायव्हरच्या टाचेखाली तळहाताएवढं भोक, त्यावर डांबरी चादर चिकटवलेली. शेजारच्या बाजूला तीन लहान भोकं. पेचकस टोचला की आणखी पत्रा बिस्किटासारखा तुटतो. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, सात-आठ सेकंदांत क्लच पेडलच्या बाजूने धार सुरू.

टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ खाणाऱ्या दांड्या) जिथे मागे अडकतात तो आडवा तुकडा मात्र ठणठणीत आहे. तो गंजलेला असता तर गाडी परत विकली असती. पुढचं सगळं सस्पेन्शन त्या तुकड्याला ताण देऊन उभं असतं.

२३ सप्टेंबर

कागदपत्रं झाली. बाहेरच्या राज्यातली गाडी असल्याने आधी तपासणी, मग टायटल, म्हणजे मालकीचा कागद. ऐतिहासिक गाडीची नंबर प्लेट स्वस्त पडते, पण ती लावली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. मला भाजी आणायलाही हीच न्यायची आहे, म्हणून साधी प्लेट घेतली.

दुपारी ब्रेक पाहायला चाकं काढायला बसलो. उजवीकडची दोन्ही निघाली. डावीकडच्या पुढच्या चाकाचा नट हलेना. लांब दांडा लावला, त्यावर पाइप चढवला, सगळं वजन टाकलं. कट्. स्टडच, म्हणजे नट बसतो तो बोल्टच, तुटला. गंजलाय म्हणून असेल असं वाटलं, दुसऱ्या नटवर तेल सोडलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा जोर लावला. दुसराही तुटला.

तेव्हा खाली वाकून तिसऱ्या स्टडचं टोक तारेच्या ब्रशने घासलं. टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर कोरलेलं. डाव्या बाजूला उलटे आटे! चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये म्हणून क्रायस्लरच्या गाड्यांना त्या काळी डावीकडे उलटे आटे असत. मी सोडवत नव्हतो, आवळत होतो. तिसरा नट उलट फिरवला, हाताच्या जोरावर सुटला.

स्टड हबला आणि ड्रमला एकत्र ठोकून बसवलेले असतात, घरी हातोड्याने काढले तर भोकं मोठी होतात. हब-ड्रम एका मशीन शॉपला दिले. नवे उलट्या आट्यांचे दोन स्टड आणि बसवणूक मिळून ८० डॉलर, आणि आठवडाभर गाडी घोड्यावर, म्हणजे जॅक स्टँडवर, उभी. ज्यांच्याकडे १९६० च्या दशकातली प्लिमथ, डॉज आहे त्यांनी पाना लावण्याआधी टोकं घासून पाहावीत.

७ ऑक्टोबर

ब्रेक शू, चारही व्हील सिलिंडर, पुढचे आणि मागचे रबरी होज नवे घातले. जुन्या शूंची भुकटी अॅसबेस्टॉसची असण्याची दाट शक्यता, म्हणून हवा मारली नाही. साबणाच्या पाण्याने ओली करून फडक्याने पुसली आणि फडकी पिशवीत बांधून टाकली.

बायको पेडल मारत होती, मी हवा काढत होतो. पेडल टणक झालं. मी म्हटलं, आता उभी राहून दाब. तिने दाबलं आणि पेडल फळीला टेकलं. गाडीखालून तेलाची पिचकारी. मागच्या चाकांकडे जाणारी लोखंडी नळी चौकटीच्या क्लिपखाली आतून गंजली होती, तिथेच फुटली.

हे अंगणात झालं ही मोठी गोष्ट. १९६६ पर्यंत या गाड्यांचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल नळ्यांत ढकलतो तो) एकाच कप्प्याचा. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७ पासून पुढचं आणि मागचं वेगळं झालं. त्या रात्री ठरवलं की दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घातल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेणार नाही. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच ठेवावी असं मानणाऱ्यांचा मला आदर आहे. पण माझी मुलगी मागच्या सीटवर बसणार आहे.

१४ ते २२ ऑक्टोबर

सगळ्या नळ्या नव्या केल्या. ३/१६ इंची कॉपर-निकेलची नळी वापरली. स्टीलपेक्षा थोडी महाग, पण हाताने वळते आणि गंजत नाही. टोकं दुहेरी फ्लेअर करावी लागतात, म्हणजे फुलवून परत आत दुमडावी लागतात. त्यासाठी आधी स्वस्तातलं हत्यार घेतलं आणि सहा टोकं वाया घालवली, सगळी एका बाजूला कललेली. मग ९० डॉलरचं घेतलं, पहिलंच टोक चोख. हे हत्यार तेवढं महाग घ्या.

नवीन मास्टर सिलिंडर १९६७ नंतरच्या ड्रम ब्रेकच्या गाडीचा. दोन कप्प्यांची वाटणी अशी: जुन्या पितळी चौफुल्यातून मागे जाणारं तोंड बूच लावून बंद केलं, तो चौफुला फक्त पुढच्या दोन चाकांसाठी ठेवला, आणि मागची नळी सरळ सिलिंडरच्या दुसऱ्या तोंडाला. तीन संध्याकाळी लागल्या. ब्रेकचा एकूण खर्च ४४६ डॉलर, पहिलं वाया गेलेलं हत्यार सोडून.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज काम नाही. पाने, जॅक, फ्लेअरचं हत्यार, फिलर गेज, सगळं पुसून पाटावर मांडलं. गाडीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार इथल्या भारतीय दुकानात मिळाला. बाबांनी नाशिकहून व्हिडिओवर पाहिलं. त्यांची बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. दर खंडेनवमीला ते मला डेपोत न्यायचे. म्हणाले, "बॉनेट उघड, इंजिन दाखव." पाच मिनिटं नुसतं बघत राहिले.

नोव्हेंबर

तळाचा पत्रा. शेजारच्या घरातले गृहस्थ निवृत्त वेल्डर आहेत, त्यांनी मशीनही दिलं आणि शिकवलंही. आधी दोन शनिवार नुसत्या कापलेल्या पट्ट्या जोडत बसलो. १८ गेजचा पत्रा, सलग ओढ दिली की भोक पडतं. एक ठिपका, मग हातभर लांब दुसरा ठिपका, थंड होऊ द्यायचं, परत पहिल्याच्या शेजारी. ड्रायव्हरच्या बाजूला तयार पत्रा कापून बसवला, दुसरीकडे तीन ठिगळं.

पहिल्या दिवशी खालून जुन्या डांबरी लेपाने पेट घेतला. शेजारी पाण्याचा पंप घेऊन उभेच होते. लेप आधी खरवडून टाका, दोन्ही बाजूंनी चार बोटं तरी.

गळती बंद केल्याशिवाय नवा पत्रा बसवण्यात अर्थ नव्हता. काचेखालच्या कोनाड्यात हात जात नाही. पाण्याने धुऊन, हीटरचा पंखा दोन दिवस चालू ठेवून वाळवला, गंजरोधक रंग आत ओतला, गाडी जॅकवर डावी-उजवी कलवून तो सगळीकडे फिरवला. सांध्यांना सीलर. पुन्हा बादली ओतली, पायाशी कोरडं. पत्रा, तार, गॅस, सीलर, रंग मिळून ३३० डॉलर.

डिसेंबर ते फेब्रुवारी

रस्त्यावर मीठ पडलंय. गाडी बाहेर काढायची नाही. लहान कामं उरकली.

स्पार्क प्लग. या इंजिनात प्रत्येक प्लग एका पातळ नळकांड्याच्या तळाशी बसतो. नळकांड्याच्या सीलमधून तेल आत झिरपतं आणि प्लग तेलात उभा राहतो. सहाही सील बदलले. आणि महत्त्वाचं, नव्या प्लगबरोबर येणारं वॉशर काढून टाकायचं. नळकांड्याची तळाची कडच वॉशरचं काम करते. मी पहिल्यांदा वॉशरसकट घातले होते, मॅन्युअल वाचल्यावर सगळे परत काढले.

पॉइंट, काँडेन्सर (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगी पाडायला लागणारे भाग) नवे. पॉइंटचा गॅप २० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४, खडूने एअर क्लीनरच्या आत लिहून ठेवलं.

पेट्रोल टाकी उतरवून आतून धुतली, गेजचा फ्लोट बदलला, सगळे रबरी पाइप नवे. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने चिकट होतं.

एक्झॉस्टमधून टिक्-टिक् आवाज येत होता. मॅनिफोल्डचं (इंजिनाला जोडलेल्या ओतीव नळ्यांचं) पॅकिंग उडालं होतं. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र उतरवून नवं पॅकिंग घातलं आणि नट चांगले करकचून आवळले. टिक्-टिक् गेली. ही नोंद लक्षात ठेवा, मे महिन्यात परत येणार आहे.

९ मार्च २०२४

पहिली खरी फेरी, अकरा मैल. नवे रेडियल टायर ३१२ डॉलर. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर जुळवून घेणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, नाहीतर खरखर. कॉलमवरचा दांडा हातात आला आणि बाबांच्या पद्मिनीची आठवण झाली.

परत येताना संध्याकाळी साडेसहाला घराजवळच्या सिग्नलवर मिसिंग सुरू झालं आणि गाडी बंद. हवा ८ अंश, हेडलाइट चालू, हीटरचा पंखा चालू. पंधरा मिनिटांनी सुरू झाली, जणू काही झालंच नाही.

१६ मार्च

तेच. थंड झाली की सुरू होते म्हणजे पेट्रोल पंपात उकळून वाफ धरतंय असं धरलं. नवा पंप, ४५ डॉलर. संध्याकाळी फिरवून आणली, रेल्वे फाटकापाशी बंद. दिवे आणि पंखा चालू होते.

२३ मार्च

कार्बोरेटर उघडला. हॉली कंपनीचा, मॉडेल नंबर १९२०, एका तोंडाचा. फ्लोटच्या भांड्यात थोडा गाळ होता, म्हणून वाटलं सापडलं. किट ३८ डॉलर, दिवसभराचं काम. दुपारी उन्हात वीस मैल फिरवली, सुंदर चालली. मी सगळ्यांना सांगितलं की झालं काम.

३१ मार्च

नवीन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती), ४० डॉलर. कारण मंगळवारी रात्री दुकानातून येताना परत बंद पडली होती. बदलल्यावर दिवसा चार फेऱ्या मारल्या, एकदाही नाही.

८ एप्रिल, सोमवार

खग्रास सूर्यग्रहण. खग्रासचा पट्टा कोलंबसच्या जरा वायव्येकडून जाणार होता, म्हणून डार्ट घेऊन मेरिसव्हिलच्या पुढे बेलफाँटेनला गेलो. बायको, मुलगी, डबे. जाताना ३३ नंबरच्या रस्त्यावर ५५ मैलांनी गाडी लोण्यासारखी चालली. तीनच्या पुढे दहा मिनिटांनी अंधार झाला. मुलगी बॉनेटवर बसली होती, पाखरं एकदम गप्प झाली. एवढं एकच त्याबद्दल लिहितो, कारण ही गाडीची वही आहे.

परतीला रस्ता तुंबला. सरकायचं, थांबायचं, सरकायचं. इंजिन तापू नये म्हणून हीटरचा पंखा पूर्ण सोडला. अंधारून आलं, दिवे लावले. दहा मिनिटांत डॅशबोर्डवरचा अॅमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा थरथरायला लागला, दिवे पिवळे, मिसिंग, बंद. प्लॅस्टिक तापल्याचा वास. मुलीला कुशीत घेऊन बायको रस्त्याकडेला गवतात उभी, मी बॉनेट उघडून. वीस मिनिटांनी सुरू झाली. दिवे बंद ठेवून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत आणली आणि तिथून टो करून घरी.

१३ एप्रिल

सकाळी बाबांना फोन केला. आजवर काय काय बदललं ते सांगितलं. ते म्हणाले, "आठ डिग्रीत पेट्रोल कसं उकळेल रे?" मग म्हणाले, "तू वही ठेवलीयेस ना? प्रत्येक वेळी बंद पडली तेव्हा काय काय चालू होतं ते वाच."

वाचलं. ९ मार्च, दिवे आणि पंखा. १६ मार्च, दिवे आणि पंखा. मंगळवारची रात्र, दिवे. ग्रहणाचा दिवस, दिवे आणि पंखा. प्रत्येक वेळी गाडी उभी. दिवसा, चालत्या रस्त्यावर एकदाही नाही. हे मी माझ्या हाताने लिहिलं होतं आणि पाच आठवडे नुसता पेट्रोलच्या मागे होतो.

"आता पार्ट आणू नकोस," बाबा म्हणाले. "इंजिन चालू ठेव, सगळे दिवे लाव, आणि मीटर लाव."

गॅरेजचं दार उघडं ठेवून इंजिन आयडलवर, हेडलाइट आणि पंखा चालू. बॅटरीवर १२.३ व्होल्ट. बॅलास्ट रेझिस्टरच्या (कॉइलकडे जाणारा करंट आवरतो त्या तुकड्याच्या) आधीच्या टोकाला सुरुवातीला ११.४, दहा मिनिटांत ९.४. कॉइलला द्यायच्या आधीच तीन व्होल्ट वाटेत गायब. बॉनेटच्या मागच्या भिंतीत, जिथून सगळ्या वायरी आत जातात, तिथे कनेक्टर आहे. त्यातल्या जाड लाल वायरीच्या दोन्ही बाजूंना मीटर लावला, एकट्या तिथे २.१ व्होल्ट पडत होते. बोट लावलं, चटका बसला.

चाळीस मिनिटं लागली.

कनेक्टर ओढून काढला. लाल वायरीचं टर्मिनल निळं-काळं पडलेलं, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून परत गोठलेलं, पाकातल्या गुळासारखं तपकिरी. या गाड्यांत बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या अॅमीटरपर्यंतचा सगळा करंट त्या एका लहान पात्यातून जातो. वेगात असताना अल्टरनेटर भागवतो. आयडलवर तो पुरा पडत नाही, मग दिवे आणि पंख्याचा करंट बॅटरीकडून याच पात्यातून ओढला जातो. पातं साठ वर्षांत सैल झालेलं, सैल म्हणून तापतं, तापलं की आणखी सैल. गाडी उभी राहिली, थंड झाली, की परत टेकतं.

२० आणि २१ एप्रिल

बॅटरी आधी सोडली. बॅटरीची लाल आणि अल्टरनेटरची काळी, या दोन जाड वायरींसाठी कनेक्टरमधली घरं ड्रिलने मोकळी केली आणि नव्या जाड वायरी मध्ये कुठेही सांधा न ठेवता थेट आरपार नेल्या. बॅटरीच्या बाजूला फ्युजिबल लिंक, म्हणजे फ्यूजसारखी वितळणारी वायर. अॅमीटरच्या मागच्या दोन्ही वायरी एका बोल्टवर एकत्र बांधून वरून इन्सुलेशन. अॅमीटर दिसायला जागेवर आहे, पण त्यातून आता काही जात नाही. त्याऐवजी डॅशखाली व्होल्टमीटर. हेडलाइटना दोन रिले दिले. बाकीची सगळी टर्मिनलं काढून, घासून, पकडीने घट्ट करून परत. ११८ डॉलर, त्यात एक जादा बॅलास्ट रेझिस्टरही आला.

तो जादा बॅलास्ट डॅशच्या खणात ठेवलाय. हा पांढरा चिनी मातीचा तुकडा कधीही जातो. लक्षण ठरलेलं: चावी फिरवताना इंजिन सुरू होतं, चावी सोडली की बंद. दोन वायरी आणि एक स्क्रू, पाच मिनिटांचं काम.

तीच चाचणी परत केली. अर्धा तास आयडल, सगळं चालू. बॅलास्टच्या आधी ११.९. अर्धा तास मी मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो.

११ मे

टिक्-टिक् परत आली, आता मोठ्याने. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मधोमध तडा, नख अडकेल एवढा.

चूक हिवाळ्यातली, माझी. मॅनिफोल्ड हेडला बांधणाऱ्या नटांचा टॉर्क फक्त १० फूट-पौंड. एवढा लांब ओतीव तुकडा तापला की वाढतो, त्याला सरकायला वाव लागतो. मी टॉर्क रेंच न लावता हाताच्या अंदाजाने आवळले होते. सरकता आलं नाही, फुटला. जुना पण अखंड मॅनिफोल्ड १६० डॉलरला मिळाला.

२ जून

दोन्ही मॅनिफोल्ड आधी एकमेकांना जोडून मशीन शॉपमध्ये एका पातळीत घासून घेतले, ९० डॉलर. पॅकिंग, नवे नट आणि वॉशर ५५. बसवताना क्रम महत्त्वाचा: दोघांना जोडणारे बोल्ट सैल ठेवायचे, हेडचे नट मधून बाहेरच्या बाजूला १० पर्यंत, मग ते जोडणारे बोल्ट. गरम करून, थंड होऊ देऊन पुन्हा तपासलं. आवाज नाही.

१५ जून

आई-बाबा महिनाभरासाठी आलेत. बाबांचा जेट लॅग अजून उतरला नव्हता, पहाटे पाचला मला गॅरेजमध्ये दिवा दिसला. ते गाडीभोवती फिरत होते, हात मागे बांधून. गॅरेजमध्ये ते असेच फिरतात, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या गाडीला हात लावत नाहीत.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, त्यांच्यावर सोपवलं. या इंजिनात ते गरम आणि चालू इंजिनावर करायचं. इनटेक १० थाऊ, एक्झॉस्ट २०. अर्धा तास फिरवून आणून व्हॉल्व्ह कव्हर काढलं. रॉकर नाचतायत, तेलाचे शिंतोडे, मी पुठ्ठा धरून उभा. समायोजनाच्या स्क्रूला चेकनट नाही, तो स्वतःच घट्ट बसतो, हे बाबांना आवडलं. डाव्या हातात फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), उजव्यात पाना. पान आत सरकवायचे आणि रॉकरच्या ठोक्याबरोबर ते बोटांत कसं अडतं ते डोळे मिटून बघायचे. सहाव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला थांबले. "हे घट्ट आहे. बघ, पान जातच नाही."

तोच सहावा, ११८ कॉम्प्रेशनचा.

"टॅपेट वाजलं तर चालतं," ते म्हणाले. "गप्प बसलं की समजायचं व्हॉल्व्ह बसत नाहीये, जळेल."

सैल केला. कव्हर लावून, इंजिन तसंच गरम असताना कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं. सहाव्याचं १२७.

मग बाबांनी हात धुतले आणि विचारलं, "चालवू का?" लायसन्स त्यांच्याकडे इथलं नाही, म्हणून मुलीच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. दांडा आपल्याकडे ओढून खाली, पहिला. वर, दुसरा. खाली, तिसरा. दुसऱ्या फेरीनंतर मला सूचना द्यावी लागली नाही. पहिल्यात टाकण्याआधी दर वेळी गाडी पूर्ण थांबवत होते.

३० जून

हिशेब. गाडी ४,८००. वर ट्रेलर १४०, ब्रेक ४४६, स्टड ८०, तळ ३३०, पेट्रोलची बाजू आणि कॉइल मिळून ३२०, वायरिंग ११८, मॅनिफोल्ड ३०५, टायर ३१२, प्लग-पॉइंट-सील-ऑइल ९५. गाडी धरून ६,९४६ डॉलर. गाडी टो केल्याचे पैसे विम्यात आले. यातले ५०८ डॉलर माझ्या चुकांचे: दोन स्टड, मॅनिफोल्ड, आणि न लागणारा पंप, किट, कॉइल. तास मोजले नाहीत, पण नऊ महिन्यांतले बहुतेक शनिवार.

जुना पंप फेकला नाही, कापडात गुंडाळून डिकीत ठेवलाय. तो चांगला आहे.

पुढचं काम: डाव्या खालच्या बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे, जॅकवर चाक वर-खाली हलवलं की टक् आवाज येतो. पार्ट मागवलेला नाही. शनिवारी आधी मोजणार, बाबा पाना घेऊन तयार आहेत.